फरशीच्या अलीकडं

लग्न होऊन आलेल्या बाईला गावातले तीनच रस्ते माहीत असतात. घरापासून मळ्यापर्यंतचा, देवळापर्यंतचा आणि एसटी स्टँडपर्यंतचा. चौथ्या रस्त्यानं जायची वेळच येत नाही. माझंही तसंच होतं. माहेर साताऱ्याच्या पाटण तालुक्यातलं, डोंगरातलं. सासर सांगलीच्या पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. कोयनेचं पाणी पाटणावरनं कराडला येतं, प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि आमच्या शिवारावरनं पुढं सांगलीला जातं. नदी जरा फुगली की सासूबाई गमतीनं म्हणायच्या, "तुझ्या म्हायेरचं पाणी आलं बघ."

२०१९च्या ऑगस्टात मात्र कुणाला गंमत सुचली नाही. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं, तेव्हा जुनी माणसं म्हणाली, आता याच्या वर काय जायचं न्हाई. २०१९ला ते ५७ फुटांच्याही वर गेलं. आमच्याच तालुक्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला बोट उलटली आणि पुरातनं बाहेर पडायला निघालेली माणसं बुडाली. त्या बातमीनंतर आमच्या वस्तीवर दोन दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही.

आम्ही शाळेच्या गच्चीवर होतो. बाहेरगावची पोरं मदत घेऊन येत होती, ती फोनवर विचारायची, "वस्ती नेमकी कुठं आहे?" आम्ही सांगायचो, "फरशी ओलांडली की डाव्या हाताला, जुन्या चिंचेच्या पल्याड." पण फरशी पाण्याखाली आणि चिंचेचा नुसता शेंडा वर. त्यांच्या मोबाईलच्या नकाशावर गावाचं नाव होतं, वस्तीच्या जागी रिकामा तुकडा होता. शंभरावर माणसं आणि तेवढीच जनावरं त्या रिकाम्या तुकड्यात बसली होती.

त्या दिवाळीत भाऊबीजेला माहेरी गेले. भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला. सगळं ऐकून तो म्हणाला, "आत्या, मग तूच काढ की वस्तीचा नकाशा." मला वाटलं पोरगं चेष्टा करतंय. त्यानं लॅपटॉप उघडून दाखवलं. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा नकाशा. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला. कुणीही त्यात भर घालावी, कुणीही फुकट वापरावा. जानेवारी २०१०मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा जगभरातल्या लोकांनी घरबसल्या उपग्रहाचे फोटो बघून तिथले रस्ते आणि इमारती काढल्या, आणि मदत पथकांनी तो नकाशा वापरला. त्याच वर्षी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था उभी राहिली. नेपाळची गोष्ट मला जास्त पटली. तिथल्या काठमांडू लिव्हिंग लॅब्सच्या मंडळींनी २०१५च्या भूकंपाच्या आधीच शाळा, दवाखाने नकाशावर घालायचं काम चालवलं होतं. २५ एप्रिलला जमीन हलली तेव्हा हाताशी काहीतरी होतं. संकटाच्या आधी करायचं हे काम आहे, हे तिथं माझ्या डोक्यात बसलं.

लेकीच्या अभ्यासाला घेतलेला लॅपटॉप रात्री नऊनंतर माझा झाला. काम दिसायला सोपं. वरनं काढलेला फोटो समोर असतो. छपराच्या कोपऱ्यांवर माऊसनं टिचक्या मारत चौकोन पुरा करायचा, रस्त्यावरनं रेघ ओढायची, रस्ता डांबरी की कच्चा ते लिहायचं. तुमचं काम दुसरा कुणीतरी जाणता माणूस तपासतो. तो कुठल्या देशातला, हेही आपल्याला ठाऊक नसतं. पण पत्र्याचं घर आणि पत्र्याचा गोठा वरनं सारखेच दिसतात. उभ्या उसात पाणंद गडप होते, तोड झाली की पुन्हा दिसते. फोटोला एवढंच कळतं. पुढचं पायानं कळून घ्यावं लागतं.

म्हणून मी शिवारात हिंडायला लागले. पहिल्या आठवड्यातच कुजबुज झाली. "वैनी, मोजणी चाललीया का?" आमच्याकडं नकाशा म्हटलं की बांध आठवतो आणि बांध म्हटलं की कोर्ट. आबा, म्हणजे माझे सासरे, तेही नाराज. "तलाठ्याचं काम तू कशापायी करतीस?" मी त्यांना समोर बसवून दाखवलं. यात गट नंबर नाही, मालकाचं नाव नाही, बांध कुणाचा ते नाही. घर आहे, रस्ता आहे, विहीर आहे, एवढंच. आबांनी बराच वेळ पाहिलं आणि बोट ठेवून म्हणाले, "ह्यो वढा कुठं हाय ह्यात?"

ओढा नव्हता. आणि खरं सांगायचं तर सगळं मर्म त्या ओढ्यातच होतं. बाहेरचा माणूस नदीकडं बघतो. आमची वस्ती नदीमुळं आधी अडकत नाही. नदी चढली की पाण्याचा फुगवटा उलटा ओढ्यात शिरतो आणि फरशी बुडते. नदीचं पाणी अजून लांब असतं, दारात चिखलसुद्धा नसतो, आणि बाहेर पडायचा रस्ता मात्र गेलेला असतो. माणसं दाराकडं बघत बसतात, फरशी मागच्या मागं जाते. आबांनी हे साठ वर्षं पाहिलं होतं, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून आबा माझ्याबरोबर यायला लागले. ओढ्यावरच्या तिन्ही फरश्या, उंचावरचा माळ, तिथवर जाणारी जुनी गाडीवाट, सगळं आम्ही चालून पाहिलं. नावं बायकांनी सांगितली. धुणं धुवायच्या जागेला, पाणवठ्याला, एकेका वळणाला नाव होतं, कागदावर एकही नव्हतं. मी ती देवनागरीतच लिहिली. दहा वर्षं मी या गावात अमक्याची सून होते. आता म्हातारी माणसं मला थांबवून सांगायची, "आगं पोरी, ती वाट ऱ्हायली तुझी."

२०२१च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. तोवर नकाशाचा मोठा प्रिंट ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला होता. त्यावर लाल पेनानं खुणा केल्या होत्या. कुठं अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठं बाळंतीण आहे, कुणाची जनावरं जास्त आहेत. या गोष्टी जगाला दिसणाऱ्या नकाशावर घालायच्या नसतात, त्या गावातल्या कागदावरच ठेवायच्या. या वेळी कुणी नदीकडं बघत बसलं नाही. सगळ्यात खालच्या फरशीला पाणी लागायच्या आतच जनावरं माळावर गेली, त्यांच्यामागं माणसं गेली. नकाशानं आमचा जीव वाचवला असं मी म्हणणार नाही. आबांसारख्यांना ठाऊक होतं ते सगळ्यांना एकदम दिसलं, एवढंच झालं.

त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, ढोकावळे, मिरगाव इथं दरडी कोसळल्या. घरंच्या घरं माणसांसकट गाडली गेली. माझ्या माहेरी फोन लागेना. माळावर कुणाच्या तरी मोबाईलवर मी माझ्या वाडीचा नकाशा उघडला. एकतीस छपरं, सगळी मीच काढलेली. डोंगराच्या पोटाशी सात. त्यातलं तिसरं भावाचं. मी एकेका छपरावर बोट ठेवून आतली माणसं मोजत होते. आपण काढतो तो चौकोन म्हणजे काय असतं, ते त्या रात्री कळलं. तिसऱ्या दिवशी भावाचा आवाज ऐकला. वाडी वाचली होती. पण त्यानंतर कुठल्याही परक्या गावचं छप्पर काढताना माझा हात घाई करत नाही.

आता आठवड्यातनं दोन रात्री मी लांबच्या मुलखातली गावं काढते, जिथं वादळ किंवा पूर येऊन गेलाय. तिथली भाषा मला येत नाही, म्हणून नावाची जागा तिथल्या माणसांसाठी मोकळी सोडते. वळणावळणानं गेलेली झाडांची रांग दिसली की म्हणते, इथं ओढा असणार, आणि त्यावरनं रस्ता जातो तिथं जास्त निरखून बघते.

परवा सासूबाई शेजारी येऊन बसल्या. चष्मा पुसून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "तिथल्या बायका पानी कुठनं आनत्यात, ते दिसतंय का गं ह्यात?"

"दिसतंय की," मी म्हटलं. "ही बघा पायवाट. सगळ्या घरांकडनं येऊन एकाच जागी मिळतीया."

त्यांनी त्या जागेवर बोट ठेवलं. "मंग ही आदी काड."