टोपास नसलेल्या बोटीवर

आमच्या खाडीकाठच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे जहाजावर गेली. इंग्रजी कंपन्यांच्या आगबोटींवर डेकची कामे करणाऱ्यांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने असत. सारंग, टंडेल, सुकाणी, भंडारी ही पदे आमच्या घरांत आजही अभिमानाने सांगितली जातात. त्याच यादीत अगदी खाली आणखी एक पद असे, टोपास. जहाजावरचे संडास धुणारा तो टोपास. "आमचे आजोबा सारंग होते" असे सांगणारे घरोघरी भेटतात. आजोबांच्या जहाजावरच्या टोपासाचे नाव मात्र कुणालाच आठवत नाही.

आम्ही दोघे चुलतभाऊ दुबईत लहान बोटींची दुरुस्ती करतो. दहा-बारा मीटर लांबीच्या, शिडाच्या, हौसेने फिरणाऱ्यांच्या बोटी. नवरा-बायको, एखादे मूल, एवढीच वस्ती. तिथे सारंग नाही, भंडारी नाही आणि टोपासही नाही. इंजिनाखालोखाल आम्हाला सगळ्यांत जास्त बोलावणे येते ते संडासासाठी.

घरातल्या संडासात वरून पाणी पडते आणि घाण खाली जाते. बोटीवर तसे नसते. भांडे पुष्कळदा समुद्राच्या पातळीच्याही खाली असते, म्हणून घाण वर चढवावी लागते. त्यासाठी भांड्याच्या बाजूला हातपंप असतो. दांडा खाली दाबला की पंपाच्या वरच्या भागात समुद्राचे पाणी ओढले जाते आणि खालच्या भागातली घाण बाहेर ढकलली जाते. दांडा वर ओढला की वरचे पाणी भांड्यात येते आणि भांड्यातले खाली पंपात उतरते. गेलेली घाण परत येऊ नये म्हणून बाहेरच्या तोंडाशी रबराचा, बदकाच्या चोचीसारखा एक पडदा असतो. त्याला जोकर व्हॉल्व्ह म्हणतात.

बिघाड कुठे आहे ते बहुधा भांडेच सांगते. सकाळी भांड्यात गढूळ पाणी परत आलेले दिसले तर जोकर थकला. तो बदलायचा, स्वस्त वस्तू आहे, तिची दुरुस्ती करत बसू नये. पाणीच येत नसेल तर आधी बोटीच्या तळाचा कॉक उघडा आहे का, जाळीत शेवाळ अडकले आहे का ते पाहायचे. तिथे सारे ठीक असेल तर कॉक बंद करून पाणी घेणारा पाईप पंपापाशी सोडवायचा आणि त्या जागी लावलेल्या आखूड पाईपचे टोक पाण्याच्या बादलीत धरायचे. पंपाने बादलीतले पाणी ओढले तर दोष अलीकडे नाही, कॉकच्या बाजूला आहे. ओढले नाही तर पिस्टनची रबरी कडी झिजलेली असते किंवा पंपातला पडदा फाटलेला असतो. ही बादलीची परीक्षा पाच मिनिटांत होते आणि सगळा संडास उचकटण्याची वेळ वाचते.

दांडा खाली जाता जाता अडत असेल तर जोर करू नये. लघवी आणि खारे पाणी एकत्र आले की पाईपच्या आत चुन्यासारखा थर धरतो. खुल्या महासागरात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ असते, आखातात ते 40 च्या पुढे जाते. 38 मिलिमीटरचा पाईप कापला आणि आत अंगठाही शिरला नाही, असे आम्ही पाहिले आहे. पाईप काढून धक्क्यावर आपटला की थर कवचासारखा सुटतो. पातळ थर असेल तर रात्रभर व्हिनेगर ठेवावे. मात्र आम्लाबरोबर ब्लीच कधीही घालू नये; त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बोटीची खोली कपाटाएवढी असते.

थर कमी धरावा यासाठी एक साधा हिशेब आहे. 38 मिलिमीटरच्या एक मीटर पाईपमध्ये सव्वा लिटरला थोडे कमी पाणी मावते. पाईप तीन मीटर असेल तर साडेतीन लिटर पाणी गेल्याशिवाय घाण बाहेर पडत नाही. दोन-चार दांडे मारून दार ओढून घेणारा माणूस ती घाण पाईपमध्येच ठेवून जातो.

वासाचेही तसेच. सडक्या अंड्याचा वास आला की लोक भांडे घासत बसतात. तो वास पुष्कळदा पाणी घेणाऱ्या पाईपमधला असतो. साठलेल्या समुद्राच्या पाण्यातले बारीक जीव मरून कुजलेले असतात. बोट सोडण्याआधी गोडे पाणी फिरवले की तो थांबतो. वास जाणाऱ्या पाईपमधून येतो का हे पाहायचे तर गरम पाण्यात पिळलेले फडके पाईपवर घासून ते हुंगावे. हे वाचून नाक मुरडू नये. वैद्य नाडी पाहतो, आम्ही फडके हुंगतो.

एक गोष्ट मात्र जिवावरची आहे. भांडे पाण्याच्या पातळीखाली असेल तर पाईपला पातळीच्या वर उंच वळसा द्यावा लागतो आणि त्याच्या माथ्यावर हवा घेणारी छोटी झडप असते. मिठाने ती बुजली की समुद्र आपोआप आत ओढला जातो. भांडे भरते आणि ओसंडते. पाईपच कॉकपाशी निसटला तर आणखी वाईट. अर्ध्या मीटर खोलीवर 19 मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला तीसेक लिटर पाणी आत येते. म्हणून आम्ही प्रत्येक कॉकशेजारी लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवतो आणि मालकाला सांगतो, वापर झाला की कॉक बंद. मोठी लाट न लागता संडासाने बोट बुडू शकते.

एकदा गावी गेलो असता एका चाचांनी पानाच्या गादीवर चारचौघांत विचारले, "दुबईला जाऊन टोपासाचे काम करता होय रे?" आम्ही म्हटले, "होय चाचा." पुढे ते काही बोलले नाहीत. मग कुणीतरी पाकीचा विषय काढला. मैल्याला हात लागल्याने वुजू तुटत नाही. लागलेली जागा धुतली की झाले. कामाचे कपडे वेगळे, हातमोजे वेगळे, काम झाले की गुसल आणि मग नमाज. समुद्राचे पाणी तर पाकच. अडचण शरियतची नव्हती, जातीची होती, आणि ती आमच्यात नाही असे आपण व्यासपीठावरून सांगत असतो.

मैला साफ करणाऱ्या मुसलमानांना आपल्या देशात हलालखोर म्हणत आले. शब्दाचा अर्थ पाहावा: हलालाचे खाणारा. कष्टाच्या रोजीचा एवढा मोठा किताब दिला आणि त्याच्या घरचे पाणी प्यायचे मात्र टाळले. हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्ध 1993 मध्ये कायदा झाला, 2013 मध्ये आणखी कडक झाला, तरी गटारात उतरून माणसे मरतातच. बोटीवर एवढेच बरे आहे की जो बसतो त्यालाच दांडा मारावा लागतो. डॉक्टर असो की कंपनीचा मालक, पाईप तुंबला की आमच्या शेजारी गुडघ्यावर बसून तो क्लिप सोडवतो.

आमची मुले सुट्टीत आली की आम्ही त्यांच्या हातात पाना देतो आणि जोकर बदलायला बसवतो. मोठ्याला आता सात मिनिटे लागतात.