आधी कथा, मग दुःख

एडगर अ‍ॅलन पोचं चरित्र सांगायला घेतलं की ते त्याच्याच एखाद्या कथेसारखं वाटू लागतं. तो तीन वर्षांचाही नव्हता तेव्हा नाटकात काम करणारी आई गेली, बाप आधीच परागंदा. सांभाळणाऱ्या जॉन अ‍ॅलनशी पुढे बिनसलं ते कायमचं. मग दारू, कर्ज, कोवळ्या वयाच्या बायकोचा क्षय, आणि ऑक्टोबर १८४९ मध्ये बाल्टिमोरला चाळिसाव्या वर्षी आलेलं, आजही नीट न उलगडलेलं मरण. असा माणूस काळंकुट्ट लिहिणार नाही तर काय, असं म्हणून आपण मोकळे होतो. या समजुतीला खतपाणी घातलं संपादक रूफस ग्रिसवोल्डनं. पो गेल्यावर दोनच दिवसांनी त्यानं टोपणनावानं मृत्युलेख छापला आणि पोचा स्वभाव रंगवायला बुल्वर-लिटनच्या कादंबरीतल्या एका पात्राचं वर्णन वापरलं. पुढे पोच्या पत्रांतही त्यानं पदरची वाक्यं घुसडली. ती लबाडी पुराव्यानिशी उघडी पडायला १९४१ उजाडलं. म्हणजे ज्या आयुष्यानं हे साहित्य घडवलं असं सांगतात, त्यातला काही भाग मुळात कादंबरीतूनच उचललेला.

खोटं वगळूनही दुःख पुष्कळ उरतं. पण तारखा आड येतात. गाता गाता बायको व्हर्जिनियाच्या तोंडातून रक्त आलं ते जानेवारी १८४२ मध्ये. मेलेल्या सुंदर स्त्रीची गोष्ट मात्र पो त्याआधीपासून लिहीत होता: ‘बेरेनिस’ आणि ‘मोरेला’ १८३५ मधल्या, ‘लिजिया’ १८३८ मधली. ‘लिजिया’चा शेवट बारकाईनं वाचावा. निवेदकाची दुसरी बायको रोवेना हिच्या प्रेताच्या गालांवर लाली चढते, ओठ थरथरतात, निवेदक धावपळ करतो आणि देह पुन्हा थंडगार पडतो; रात्रभर हेच, पुन्हा पुन्हा. आता जानेवारी १८४८ मधलं पोचं पत्र घ्या. बायको हातची गेली असं धरून आपण निरोप घ्यायचो, ती सावरायची, पुन्हा ढासळायची, आणि या हेलकाव्यांपुढे शेवटी तिचं मरण सुटकेसारखं वाटलं, अशा आशयाचं तो लिहितो. तारखा उलट असत्या तर कथेचं मूळ सापडलं म्हणून समीक्षकांनी पाठ थोपटून घेतली असती. प्रत्यक्षात कथा दहा वर्षं आधीची. मला तर वाटतं, पत्र लिहिताना पो आपलं दुःख आपल्याच कथेच्या चालीवर मांडत होता.

यावर कुणी म्हणेल, जखम त्याहून जुनी होती, आईच्या मरणाची. आक्षेप वजनदार आहे. पण त्याच आईची आणखी दोन मुलं होती. थोरला हेन्री थोड्याफार कविता करून १८३१ मध्ये गेला. धाकटी रोझली १८७४ पर्यंत जगली, साहित्याच्या वाटेला गेली नाही. पोरकेपण तिघांच्या वाट्याला आलं, ‘लिजिया’ एकानंच लिहिली. शिवाय ‘बेरेनिस’ फारच किळसवाणी झाली अशी कुरकुर मासिकाचे मालक व्हाइट यांनी केली, तेव्हा पोनं एप्रिल १८३५ मध्ये त्यांना काय कळवलं? कथा जरा अतीच झाली हे कबूल, पण नावाजलेली मासिकं असल्याच लेखनावर चालतात! यात काळजाचा आक्रोश कुठे आहे? बाजार ओळखून असलेल्या कारागिराचा हा जबाब आहे.

मग आयुष्यानं काहीच केलं नाही? केलं, पण आपण समजतो त्याच्या उलट. फोर्डमच्या घरात १८४६ च्या थंडीत व्हर्जिनिया गवताच्या गादीवर पोचा जुना कोट पांघरून पडलेली असे, ऊब म्हणून छातीवर मांजर, असं पाहणाऱ्या एका बाईंनी लिहून ठेवलं आहे. जानेवारी १८४७ मध्ये ती गेली. त्यानंतरच्या ‘उलालूम’ आणि ‘अ‍ॅनाबेल ली’ या कवितांत मेलेली स्त्री परत येत नाही. ‘मोरेला’त ती मुलीच्या रूपानं येते, ‘लिजिया’त दुसरीच्या देहातून उठते, इथे थडगं बंदच राहतं. ‘अ‍ॅनाबेल ली’तला प्रियकर त्या थडग्याशेजारी जाऊन निजतो आणि त्याला कसलीही भीती वाटत नाही. मरण घरात येईपर्यंतच पोला त्याची भयकथा करता आली, असा मी याचा अर्थ लावते. ‘लिजिया’ची चटक लागलेला वाचक या कवितांपाशी थोडा हिरमुसतो, ते यामुळेच.