खिशातले पान

वाळवंट म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे नामपल्लीचे नुमाइश मैदान उभे राहायचे. वाचकांना हसू येईल. पण आमचे घर नामपल्लीत, आणि दर जानेवारीत तिथल्या राजस्थानी दुकानांतल्या बांधणीच्या ओढण्या, मोजड्या आणि लाकडी उंट पाहतच मी लहानाचा मोठा झालो. वाळवंट म्हणजे वाळू, उंट, किल्ले आणि रंगीत फेटे, एवढीच माझी समजूत. ती जोधपूरजवळच्या एका खेड्यात पार मोडली, आणि तीही माझ्याच खिशातल्या एका पानामुळे.

माझ्या एका वर्गमित्राचे घराणे मूळचे जोधपूरचे. आजोबांपासून बेगमबाजारात किराण्याचे दुकान. दसऱ्याच्या सुटीत तो गावी निघाला तेव्हा म्हणाला, "चल की माझ्याबरोबर! किती दिवस नुमाइशीतलेच उंट बघणार?"

आमचे लोक मूळचे नांदेडकडचे. तिकडे दसऱ्याला आपट्याची पाने सोने म्हणून वाटतात. हैदराबादेत आल्यापासून मात्र आम्ही इथल्या रीतीप्रमाणे जम्मीची पाने वाटतो. शेजारच्या बिदरच्या काकू तिला बन्नी म्हणतात आणि बाबा शमी. लहानपणी आम्हा मुलांचा यावरून वाद होई. "झाड एकच, नावे तीन," असा निकाल बाबा देत. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रे लपवली ती हीच. यंदा बाबांनी हातावर ठेवलेली डहाळी मी पाकिटात घातली, कारण त्याने वर्षभर पैसा टिकतो म्हणतात! दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीत बसलो.

जोधपूरला मित्राच्या दादीसांनी, म्हणजे आजीने, पहिल्याच जेवणात बाजरीची भाकरी आणि केर-सांगरीची भाजी वाढली. सांगरी म्हणजे वाळवलेल्या बारीक शेंगा. "कसल्या शेंगा या?" मी विचारले. "खेजडीच्या," दादीसा म्हणाल्या. "मोठ्या दुष्काळात लोकांनी तिची साल दळून खाल्ली आणि जीव जगवला. किल्ला कुठे पळत नाही, बेटा. आधी खेजडली बघून या."

खेजडली हे गाव जोधपूरहून पंचवीसेक किलोमीटरवर. वाटेत एक गोष्ट लक्षात आली. बाजरीच्या प्रत्येक शेतात चार-दोन झाडे तशीच राखलेली. आपल्याकडे सावलीने पीक खुंटते म्हणून शेतातले झाड काढतात; इथे झाडाखालीच बाजरी चांगली येते, असे मित्र सांगत होता. खेजडीचे मूळ फार खोल जाते, त्यामुळे वरच्या थरातला ओलावा ती पिकाशी वाटून घेत नाही. शिवाय ती शेंगावर्गातली, म्हणून जमिनीत नत्र साठवते. तिचा पाला शेळ्या-उंटांना, शेंगा माणसांना. जैसलमेरकडे वर्षाचा पाऊस जेमतेम २०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या हैदराबादच्या सुमारे पाव. तरीही थर हे जगातले सर्वांत दाट वस्तीचे वाळवंट गणले जाते. एवढी माणसे तिथे कशी जगली, याचे निम्मे उत्तर मला त्या शेतांत दिसले.

गावातल्या स्मारकापाशी पांढऱ्या कपड्यांतले एक वृद्ध बिश्नोई भेटले. हकीकत त्यांनीच सांगितली. १७३० साली जोधपूरच्या महाराजा अभयसिंहांना बांधकामाचा चुना भाजायला लाकूड हवे होते. माणसे कुऱ्हाडी घेऊन या गावात आली. अमृतादेवी नावाच्या बाईने झाडाला मिठी मारली. एका झाडापायी डोके गेले तरी सौदा स्वस्तच, असे तिचे म्हणणे. तिच्यावर कुऱ्हाड चालली, मग तिच्या तीन मुलींवर. आसपासच्या गावांतून लोक येत गेले आणि झाडांना बिलगत गेले. एकूण ३६३ माणसे मेली, तेव्हा राजाने तोड थांबवली. हिमालयातले चिपको आंदोलन १९७३ चे. ही गोष्ट त्याच्या २४३ वर्षे आधीची! जांभोजींनी १४८५ मध्ये घालून दिलेल्या २९ नियमांत हिरवे झाड तोडू नये हा एक नियम आहे. बिश्नोई लोक मृतांना पुरतात; त्यात लाकूडही वाचते.

ऐकून मी भारावलो आणि आठवण म्हणून जवळच्या खेजडीच्या डहाळीला हात घातला. "हिरवी डहाळी तोडू नये, बेटा," वृद्ध शांतपणे म्हणाले. मी ओशाळून हात मागे घेतला. पण ती बारीक पाने, ते काटे कुठेतरी पाहिलेले वाटले. पाकीट काढून पाहिले तर तीच पाने, तेच काटे! खेजडी म्हणजे आमची शमी!

"ही कुठली?" त्यांनी विचारले.

"आमच्या घरची, हैदराबादची. दसऱ्याला आम्ही सोने म्हणून वाटतो."

"तोडून?"

एवढाच प्रश्न. मला उत्तर देता आले नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्या बाजारात रचलेले फांद्यांचे ढीग डोळ्यांपुढे आले. खेजडी १९८३ पासून राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. तोच वृक्ष पुढे तेलंगणाचाही राज्यवृक्ष झाला. मान एवढा, आणि हाल असे! राजस्थानातही सारे आलबेल नाही. अलीकडच्या वर्षांत बिकानेरकडे सौरऊर्जेच्या प्रकल्पांसाठी खेजड्या तोडल्या गेल्या आणि लोकांना पुन्हा धरणे धरावे लागले.

घरी येऊन बाबांना सारे सांगितले. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्या लहानपणी सीमोल्लंघनाला आम्ही गावाबाहेर झाडाकडे जायचो. पूजा करून चार पाने घ्यायचो. झाड घरी येत नसे." पुढच्या दसऱ्याला आम्ही दोघे झाडाकडे जाणार आहोत. बिदरच्या काकूही येतो म्हणाल्या आहेत.

मित्रांनो, राजस्थानात जाल तेव्हा जैसलमेरचा सोनेरी किल्ला जरूर पाहा, उंटावरही बसा. पण वाटेत एखाद्या शेतात एकटी उभी असलेली खेजडी दिसली तर क्षणभर थांबा. ती तुमच्या ओळखीची आहे. आपण तिला शमी म्हणतो, कन्नड विभागातले मित्र बन्नी म्हणतील. ती डहाळी अजून माझ्या पाकिटात आहे. पैसा काही टिकला नाही. तो प्रश्न मात्र टिकून आहे.