उभी बाटली, आडवी बाटली

दिवाळीत आमचे धाकटे भाऊजी वाशिमला आले, ते सहा महिने अमेरिकेत राहून. समोर फराळाचे डबे असताना म्हणतात कसे, "वहिनी, तिकडे चीजचं गरम डिप खाल्लं. पावाचे तुकडे बुडवून खातात. आज आपण करू या."

करू की! शाळेला सुट्टी होती आणि नवीन पदार्थाची हौस मलाही आहे. पण त्यांनी पिशवीतून चीजबरोबर बीअरची बाटली काढली आणि फ्रिजमध्ये ठेवली. तीही दुधाच्या पातेल्याशेजारी!

मैत्रिणींनो, माझ्या पोटात गोळाच आला. माझे वडील दारूपायी गेले. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना माहेरच्या गावी दारूचं दुकान बंद करण्यासाठी बायकांचं मतदान झालं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. निम्म्याहून अधिक मतदार बायकांनी आडवीवर शिक्का मारायला हवा होता. आई भर उन्हात रांगेत उभी राहिली, आणि बाटली आडवी झाली.

माझा चेहरा बघून भाऊजी म्हणाले, "वहिनी, शिजवलं की सगळी दारू उडून जाते. मुलांनी खाल्लं तरी चालतं." आमच्या ह्यांनीही मान डोलावली. नाही म्हणावं तर मी मागासलेली. हो म्हणावं तर आई डोळ्यांपुढे येते.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी मोबाइलवर शोधलं. अमेरिकेच्या शेतकी खात्याचाच तक्ता सापडला. उकळत्या पदार्थात मद्य घालून लगेच खाली उतरवलं, तर १०० पैकी ८५ भाग तसंच राहतं. १५ मिनिटं मंद आचेवर शिजवलं तर ४०, आणि अडीच तासांनंतरसुद्धा ५! आणि चीज तर उकळायचंच नसतं, नाहीतर तेल वेगळं नि गोळा वेगळा. मग दारू उडणार तरी कधी?

मग मी विचार केला, बीअर ह्यात करते तरी काय? थोडा पातळपणा, थोडा आंबटपणा आणि किंचित कडवटपणा देते. आंबट म्हणजे ताक, कडू म्हणजे मेथी! ताक फाटू नये म्हणून कढीला आपण बेसन लावतोच. इथे मैदा लावायचा.

एक चमचा लोण्यावर एक मोठा चमचा मैदा मंद भाजला, रंग बदलू दिला नाही. एक कप पातळ ताक थोडं थोडं घालून सारखं ढवळलं. दाटसर झाल्यावर गॅस बंद केला आणि चीजचे ८ क्यूब किसून मूठमूठ मिसळले. भाजलेल्या मेथीची चिमूटभर पूड, मिरपूड, पाव चमचा मोहरीची पूड घातली. मीठ नाही, चीजमध्ये असतंच. सोबत ज्वारीच्या भाकरीचे तव्यावर कुरकुरीत केलेले तुकडे.

सासूबाईंनी एक तुकडा बुडवून खाल्ला. "ही तं आपली कढीच व्हय माय! अमेरिकेले कायले गेलता रे?" सगळे हसले. मुलांनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्या.

मी भाऊजींना तक्ता दाखवला. म्हटलं, "तुम्ही प्यावं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण उडून जातं म्हणून मुलांच्या वाटीत नको." त्यांनी तो दोनदा वाचला. "मला खरंच माहीत नव्हतं, वहिनी," म्हणाले, आणि बाटली मुकाट्यानं पिशवीत गेली. मला वाटलं होतं, भांडण होईल. पण रागाऐवजी आकडे पुढे केले, की माणसं ऐकतात असा माझा अनुभव आहे.

रात्री आईला फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "बाई, बाटली उभी ठेवली व्हती का आडवी?"

आणि कितीतरी दिवसांनी आम्ही दोघी पोटभर हसलो.