अख्खा फोड

डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागल्यापासून फोड शोधायचं काम आमच्या ज्युनियरकडे गेलं. "सर, कानाच्या आतल्या बाजूला एक आहे," असं ती सांगते, आणि मला भिंग लावूनही खपलीच दिसते. माझ्या दवाखान्यात माझ्याआधी दुसऱ्या कुणाला काही दिसावं, हे मला सोसत नाही.

पेम्फिगस फोलिएशियस या कुत्र्यांच्या त्वचारोगात निदानाचं घोडं अडतं ते अख्ख्या, न फुटलेल्या फोडापाशी. कुत्र्याची बाह्यत्वचा इतकी पातळ, की पूचा फोड काही तासांत फुटतो. आपल्यापुढे येतात त्या नाकाच्या दांड्यावरच्या, कानाच्या पाळीवरच्या, पंजाच्या गाद्यांवरच्या पिवळट खपल्या. त्यातून डॉक्टरांकडे न्यायचंय म्हणून मालक शांपूने अंघोळ घालून आणतात. पुरावा मोरीत! मग कुत्रा ठेवून घ्यायचा आणि दर दोन-तीन तासांनी टॉर्च मारून पाहायचं. नाहीच मिळाला फोड, तर खपलीसकट कातडीची पंच बायोप्सी घ्यायची, जागा न घासता, स्पिरिट न लावता. पॅथॉलॉजिस्टला बजावायचं, की खपली सुटून फॉर्मॅलिनच्या तळाशी बसली असेल तर तीही कापा. एकमेकींपासून सुटून गोल झालेल्या पेशी, म्हणजे या आजाराची खूण, पुष्कळदा तिच्यातच सापडतात.

आधी कुणी लांब पल्ल्याचं स्टेरॉइड टोचलेलं असलं की संपलंच. कुत्रा चकाचक, मालक खूश, टोचणारा हुशार. पुढे खपल्या परतल्या की बायोप्सीत धड काही दिसत नाही, आणि औषध उतरेपर्यंत काही आठवडे थांबा म्हणणारा मी तेवढा वेळकाढू.

माणसाच्या या आजारात प्रतिपिंडं पेशींना जोडून ठेवणाऱ्या डेस्मोग्लीन-१ या प्रथिनावर उठतात, कुत्र्यात बहुतेकदा डेस्मोकोलिन-१ वर. उपचारात याने तिळाएवढा फरक पडत नाही. प्रेडनिसोलोन तेच, सुरुवातीला दिवसाला किलोमागे २ ते ४ मिलिग्रॅम; सोफ्यावर लघवी होते म्हणून मालकाने गोळ्या परस्पर बंद करणंही तेच. तरी एखादा मालक स्वतः त्वचारोगतज्ज्ञ निघाला, की हे डेस्मोकोलिनचं वाक्य मी ऐकवल्याशिवाय राहत नाही.

परवा बायोप्सीच्या फॉर्मवर संशयित आजार म्हणून मी पेम्फिगस हे एकच नाव लिहिलं. ट्रायकोफायटनची बुरशीही कधीकधी पेशी अशाच सुट्या करते, आणि तिच्यावर माझा स्टेरॉइडचा डोस म्हणजे तिला मोकळं रान, हे मला का ठाऊक नाही? ज्युनियर काही बोलली नाही. खाली बारीक अक्षरात तिने बुरशीसाठी पीएएस स्टेन मागितला. रास्तच होतं. रिपोर्टात बुरशी नव्हती, पेम्फिगसच होता. मी तो तिच्या टेबलावर उघडा ठेवून आलो.