नकाशावरचा पांढरा तुकडा

भिलाईचं पोस्टिंग आलं तेव्हा कोर्समेट्सच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडला, "आता पोट सुटणार तुझं!" चूक काही नव्हतं त्यात. एनसीसी बटालियन, सेक्टरमधलं क्वार्टर, रुंद रस्ते, दुतर्फा जुनी झाडं, संध्याकाळी सिव्हिक सेंटरला फेरी. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत इतकी शांत जागा क्वचितच मिळाली. पण फौजेतल्या वाचकांना अनुभव असेल, शांत पोस्टिंगमध्येच जुनी प्रकरणं वर येतात. हे त्यातलंच एक.

भिलाई हे कारखान्यासाठी वसवलेलं गाव. १९५५ मध्ये सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. रेल्वेचे रूळ इथलेच. 'आयएनएस विक्रांत'च्या पोलादातही भिलाईचा वाटा आहे. फौजी माणसाला अभिमान वाटावा असं हे ठिकाण. मात्र माझ्या गाडीचा ड्रायव्हर इथलाच, अस्सल छत्तीसगढी. रुआबांधा, रिसाली, मरोदा अशा पाट्या लागल्या की तो सांगतो, "साहब, ये सब गाँव थे." त्याच्या आजोबांची शेती आता कारखान्याच्या भिंतीआड आहे. तक्रारीचा सूर नसतो. आपण गावाकडच्या पाहुण्याला पडकी विहीर दाखवतो ना, तसं तो दाखवतो.

गेल्या वार्षिक कॅम्पमध्ये मी कॅडेट्सना ऊर्जेवर व्याख्यान दिलं. विषय माझ्या आवडीचा. भारताने २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म वीज उभी करायचं ठरवलंय. इथून तासाभरावर राजनांदगावात १०० मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. सोबत १२० मेगावॉट-तास साठवणारी बॅटरी, म्हणजे सूर्य मावळल्यावरही वीज. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. मी रंगात येऊन सांगत होतो की एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर जमीन लागते, पण आपल्या देशात पडीक जमिनीला तोटा नाही.

मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. दल्ली राजहराच्या बाजूला, डौंडी ब्लॉकमधल्या एका गोंड गावातली, बी.ए. दुसऱ्या वर्षाची. सावधानमध्ये उभी राहून तिने विचारलं, "सर, पडीक मतलब परिया न?"

म्हटलं, "हां, वही."

"सर, परिया में ही तो हमारी गाय-बकरी चरती है. महुआ भी वहीं गिरता है."

पोरं हसली. मीही हसलो, "व्हेरी गुड पॉइंट" म्हणालो आणि पुढच्या स्लाइडवर गेलो. पण रात्री तंबूत झोप लागेना. कारण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. वेगळ्या भाषेत, चौदा हजार फुटांवर.

तेव्हा मी मेजर होतो. पूर्व लडाख. नेमकं ठिकाण सांगत नाही, सांगायचं कारणही नाही. जानेवारीत एका मैदानाची रेकी करायला मला पाठवलं. दोन दिवस फिरलो. उणे पंचवीस तापमान, गुडघाभर बर्फ, माणूस तर सोडाच, कुत्रंही दिसलं नाही. परत येऊन बुखारीजवळ बसून रिपोर्ट भरला. त्यात एक रकाना होता, 'जमिनीचा सध्याचा वापर'. त्यात मी लिहिलं, 'निल'.

मे महिन्यात अँगल आयर्न ठोकून तारेचं कुंपण झालं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सेंट्रीचा निरोप आला, बाहेर एक म्हातारा उभा आहे. त्याच्यामागे तीनशे-चारशे बकऱ्या, काही याक, सून आणि दोन नातवंडं. चांगपा कुटुंब. आमच्याकडे लडाख स्काउट्सचा एक हवालदार होता, त्याने दुभाष्याचं काम केलं. सगळे त्या वृद्धाला 'मेमे-ले' म्हणत होते. आजोबा.

मेमे-ले ओरडला नाही, हात जोडले नाहीत. मला बाहीला धरून तारेपाशी घेऊन गेला. तिथे दगडांची एक गोल बैठी भिंत होती, रात्री बकऱ्या कोंडायची. जानेवारीत ती बर्फाखाली होती. आमची तार बरोबर तिच्या मधून गेली होती. हवालदाराने सांगितलं, "साब, म्हणतोय दरवर्षी ह्या दिवसांत पंधरा दिवस इथे असतो. ह्याचा बाप यायचा, आजा यायचा. इथलं गवत पिल्लं झालेल्या बकऱ्यांना लागतं. पंधरा दिवसांनी पुढे जातो, म्हणून गवत टिकतं." मग म्हातारा आणखी काहीतरी बोलला. हवालदार जरा घुटमळला. मी म्हटलं, सांग. "विचारतोय, तुम्ही कोणाला विचारलं होतं?"

मी कोणालाच विचारलं नव्हतं. विचारायला कोणी दिसलंच नव्हतं.

आमचे सीओसाहेब भले माणूस. ते म्हणाले, "ही माणसं आपले डोळे आहेत." सीमेवर कोण आलं, कोण गेलं, हे पहिल्यांदा मेंढपाळाला कळतं, हे तिथे राहिलेल्या प्रत्येक फौजीला माहीत आहे. चार दिवसांत तार मागे घेतली. म्हाताऱ्याने मला मिठाचा लोणी घातलेला चहा पाजला आणि विषय संपला.

संपला, असं मला वाटलं. तार हलवली, पण कागद मी हलवला नाही. रिपोर्ट दुरुस्त करायचा म्हणजे 'माझी चूक झाली' असं लेखी द्यायचं, आणि माझा एसीआर तोंडावर होता. त्यामुळे फाइलमध्ये ते मैदान आजही 'निल' आहे.

पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये बातमी वाचली. केंद्राने लडाखमधल्या १३ गिगावॉटच्या प्रकल्पासाठी पारेषण वाहिनीला मंजुरी दिली, खर्च २०,७७३ कोटी. मनाली-लेह रस्त्यावरच्या पांगपासून हरियाणातल्या कैथलपर्यंत ७१३ किलोमीटर. सौर आणि पवन दोन्ही, सोबत १२ गिगावॉट-तासांची साठवण. पांग म्हटलं की आपल्या लोकांना ट्रान्झिट कॅम्प आठवतो, ठणकणारं डोकं आठवतं. बातम्यांत त्या भागाला 'ओसाड माळरान' म्हटलं होतं. पण ओसाड म्हणतात ती चांगथांगची चराई. त्या गवतावर पश्मिना पोसला जातो, आणि चांगपांच्या घरी चूल पेटते ती पश्मिन्यावर. मार्च २०२४ मध्ये सोनम वांगचुक लेहला एकवीस दिवस उपोषणाला बसले. मुख्य मागणी सहाव्या अनुसूचीची होती, पण त्यात चांगपांच्या कुरणांची चिंताही होती. त्या प्रकल्पाशी माझ्या रिपोर्टाचा काही संबंध नाही. तरी बातमी वाचताना वाटलं, असा एखादा 'निल' कोणीतरी कुठेतरी लिहिला असेलच.

गैरसमज नको. मी सौरऊर्जेच्या विरोधात नाही. पोस्टवर केरोसिनचे जरीकॅन वाहणारा पोर्टर आणि खच्चर ज्याने पाहिलंय, जनरेटरच्या धुराने काळा पडलेला बर्फ ज्याने पाहिलाय, तो पॅनेलच्या विरोधात जाऊच शकत नाही. शिवाय ह्याच छत्तीसगढमधल्या हसदेवच्या आदिवासींनी ऑक्टोबर २०२१ मध्ये कोळसा खाणींविरुद्ध रायपूरपर्यंत ३०० किलोमीटर पायपीट केली. कोळशाला पर्याय उभा राहणं ही त्यांचीही गरज आहे. माझा मुद्दा साधा आहे. इंधन स्वच्छ असलं म्हणजे जमीन आपोआप रिकामी होत नाही.

आणि इथे एक गोम आहे. मोठी कोळसा खाण काढायची तर पर्यावरण मंजुरी लागते, त्यासाठी जनसुनावणी घ्यावी लागते. ती कशी होते ते सोडा, पण गावकऱ्याला निदान माइकसमोर उभं राहता येतं. सौर आणि पवन प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखालच्या ह्या मंजुरीतून सूट आहे. हेतू चांगला, स्वच्छ काम लवकर व्हावं. पण त्या घाईत 'तुम्ही कोणाला विचारलं होतं?' हा मेमे-लेचा प्रश्न विचारायची एक जागाही जाते. जमीन वनखात्याची असेल तर वनमंजुरी लागते. सरकारदप्तरी पडीक असेल तर बऱ्याचदा वरचेवर निकाल लागतो.

कायदा आंधळा नाही. कॅम्पनंतर मी वनहक्क कायदा २००६ काढून वाचला. कलम ३ मध्ये सामूहिक हक्कांत चराई आहे, एका जागी राहणाऱ्यांची आणि फिरत्यांचीही. भटक्या पशुपालकांचा हंगामी वापर तिथे स्पष्ट नोंदवलाय. म्हणजे मी जानेवारीत जे पाहू शकलो नाही, ते संसदेला दिसलं होतं. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ चा पेसा आहे, त्याचे छत्तीसगढमधले नियम २०२२ मध्ये आले. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियामगिरीत सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीला नकार दिला. ग्रामसभा दरवेळी नकारच देते असंही नाही. भाडेपट्टा, उत्पन्नातला वाटा, पॅनेलच्या रांगांमधून चराईची मोकळीक, बोलायला पुष्कळ आहे. पण बोलणं कुंपणाआधी व्हायला हवं.

आपल्याकडे हा प्रश्न शंभर वर्षांचा आहे. एनडीएत असताना मुळशीचं बॅकवॉटर लांबून पाहिलं की आम्हाला ते फक्त सुंदर वाटायचं. पुढे कळलं, मुंबईला वीज देण्यासाठी टाटांनी मुळशीला धरण बांधायला घेतलं तेव्हा १९२१ मध्ये मावळ्यांनी तिथे सत्याग्रह केला होता. पाण्यावरची वीज, धूर नाही, कोळसा नाही. आजच्या भाषेत अगदी हरित प्रकल्प! पण पाण्याखाली जाणारी भातखाचरं कोणाची, हा प्रश्न राहिलाच. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी त्याच लढ्याने दिली. आम्ही दीक्षान्त संचलनाची तयारी करत होतो तिथून हाकेच्या अंतरावर हे घडलं होतं, आणि तीन वर्षांत मला त्याचा पत्ता नव्हता.

घेतलेली जमीन परत जाते का? क्वचित जाते. बस्तरमधल्या लोहंडीगुडाला पोलाद कारखान्यासाठी दहा गावांतल्या सतराशेवर शेतकऱ्यांची जमीन घेतली गेली होती. कारखाना झाला नाही. २०१९ मध्ये ती मूळ मालकांना परत दिली. मी हे ड्रायव्हरला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "वहाँ कारखाना नहीं बना, साहब. यहाँ तो बन गया." आता कारखान्याच्या मरोदा जलाशयावर १५ मेगावॉटचा तरंगता सौर प्रकल्प हाती घेतलाय. मला तो आवडला, नवी जमीन घ्यायला नको. जे आधीच घेतलंय ते आधी वापरावं. छपरं, जलाशय, कारखान्यांच्या आवारातल्या मोकळ्या जागा.

कॅम्पच्या सातव्या दिवशी मॅप रीडिंगचा पिरियड होता. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर शेती पिवळी, जंगल हिरवं आणि उरलेलं पांढरं, हे आपण सगळे घोकलेले. मी ठरलेला धडा बाजूला ठेवला. प्रत्येकाला आपल्या गावाजवळचा एक पांढरा तुकडा निवडायला सांगितला. बाजूला बारा महिन्यांचे बारा रकाने. कोणत्या महिन्यात तिथे कोण येतं, कशासाठी येतं, ते लिहायचं.

डौंडीच्या त्या मुलीचा कागद मी जपून ठेवलाय. मार्च-एप्रिल, मोहाची फुलं, आई आणि काकू. मे, तेंदूपत्ता, सगळं घर. पावसाळ्यात कुकुरमुत्ता आणि भाजी. कार्तिकानंतर गुरं. एका कोपऱ्यात तिने लहानसा दगड काढला होता आणि लिहिलं होतं, 'देव'. तिच्या कागदावर एकही रकाना 'निल' नव्हता.

त्या रात्री मीही एक कागद घेतला. जानेवारीच्या रकान्यात लिहिलं, बर्फ, कोणी दिसलं नाही. जूनच्या रकान्यात लिहिलं, मेमे-लेचं कुटुंब, पंधरा दिवस, दगडी कोंडवाडा, नकाशावर खूण केली आहे. खाली सही, आणि तारीख आजची. सोबत दोन ओळींचं पत्र, 'माझ्या अमुक रिपोर्टातली नोंद चुकीची होती.'

सध्या त्या भागात कमांड करणारा अधिकारी एनडीएत मला दोन टर्म ज्युनिअर होता. रीतसर वाटेने कागद त्याच्याकडे पाठवलाय. इतक्या वर्षांनी फाइलमध्ये त्याला जागा मिळेल की नाही, सांगता येत नाही. उत्तर आलं की इथेच कळवीन.