पानावाचून

चिखलातले फूल म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे कमळच उभे राहते. त्यामुळे गेल्या ऑक्टोबरात (तिकडे तो वसंत!) ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात, एका दलदलीच्या माळावर, ‘बाबा, पाऊल जपून टाका’ म्हणून कन्येने आम्हांस थांबविले, तेव्हा तिने दाखविलेले फूल आम्हांस दिसेचना. मागल्या उन्हाळ्यातील वणव्याने कोळसा झालेली झुडुपे, ओली काळी माती, आणि तीत चार बोटे उंचीचा एक तांबूस दांडा. त्यावर दोन फुले. बाहेरून तपकिरी, आतून पांढुरकी. हिरवे पान एकही नाही.

ह्या ऑर्किडाचे शास्त्रीय नाव बर्नेटिया क्युनिआटा. तिकडचे लोक त्यास सरडा-ऑर्किड म्हणतात. टास्मानिया व ऑस्ट्रेलियाचा आग्नेय कोपरा एवढेच त्याचे घर, आणि त्याच्या प्रजातीत दुसरी जातीही नाही. वर झुडुपे दाट माजली की ते क्वचितच दृष्टीस पडते. वणवा होऊन गेला की पुढे फुलते.

आम्ही पडलो हाडाचे मास्तर. फुलातून बोध काढल्यावाचून आम्हांस चैन कोठले? पार्वतीने तपश्चर्येत पानेही वर्ज्य केली म्हणून ती अपर्णा. तशीच ही राखेतली तपस्विनी, स्वावलंबनाची केवळ मूर्ती, असे आमचे व्याख्यान सुरू झाले. कन्या हसून म्हणाली, “बाबा, अगदी उलट आहे.”

उलटच होते. पान नाही, तर अन्न शिजविणार कोण? ऑर्किडाचे बी धुळीसारखे बारीक; त्यात शिदोरी नसते. मातीतील बुरशीने भरविले तरच ते रुजते. बहुतेक ऑर्किडे पुढे पाने काढून आपला संसार पाहतात. हे मात्र त्या बुरशीच्याच जिवावर वाढते. १८४० साली लिंडलेने ह्या प्रजातीस नाव दिले ते बर्नेटचे. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील वनस्पतिशास्त्राचा हा प्राध्यापक १८३५ साली, ऐन पस्तिशीत, वारला होता. फुलाला प्राध्यापकाचे नाव लाभले. पोसणारी बुरशी मातीतच राहिली.

येथे आमची वाचा बसली. आमचे थोरले बंधू दहावीनंतर शाळा सोडून एका अडत्याच्या दुकानी हिशेब लिहावयास बसले. सहा वर्षे त्यांची मनीऑर्डर आली नाही असा महिना गेला नाही. कुपनावर एकच ओळ असे: ‘अभ्यास नीट कर.’ आम्ही एम.ए. झालो. पुढे ग्रंथ लिहिला, त्याच्या प्रस्तावनेत गुरुजनांपासून मुद्रितशोधकापर्यंत सर्वांचे आभार मानले. दादाचे नाव घातले नाही. घरच्या माणसाचे आभार कसले, अशी सबब तेव्हा सुचली. पण दरवर्षी स्नेहसंमेलनात ‘आम्ही कोणाच्या आधारावाचून शिकलो’ असे विद्यार्थ्यांस सांगत आलो, त्याला कोणती सबब?

त्या रात्री गावी फोन लावला. “दादा, तुझ्यामुळे मी शिकलो, हे कधी बोललोच नाही,” एवढेच कसेबसे म्हटले. पलीकडे काही क्षण काहीच ऐकू आले नाही. मग दादाने काळजीच्या सुरात विचारले,

“तिकडे पैसे कमी पडले का रे?”